डॉक्टरांचं बिल

"बावीस हजार!" भिंतीपलीकडून नाना म्हणाले. "ऐकलंत का ताई? नुसत्या सर्व्हिसिंगचे बावीस हजार घेतले."

कोणाकडून, ते विचारायची गरज नव्हती. शोरूमचा मुलगा गाडी सोडायला आला तेव्हा मी गच्चीत कपडे वाळत घालत होते आणि डॉक्टर गेटातच उभे राहून कागद वाचत होते, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. आकडा तेवढा माझ्यापर्यंत पोचला नव्हता. नानांना तो दूधवाल्याने सांगितला. दूधवाल्याला कोणी सांगितला, हे आमच्या गल्लीत विचारायचं नसतं.

सहकारनगरातल्या ज्या थोड्या गल्ल्यांमधले बंगले अजून बिल्डरच्या हाती गेले नाहीत, त्यांतली आमची एक. मधली भिंत छातीएवढी. सकाळी झाडांना पाणी घालायच्या निमित्ताने मी अलीकडे आणि नाना पलीकडे. नाना एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले. सगळी नोकरी बसच्या इंजिनांवर गेली, त्यामुळे आमच्या गाड्यांना ते मोटार म्हणायलाच तयार नसतात. "तुमची ती डबी" म्हणतात. कान मात्र असा, की गाडी गल्लीत वळली की डावीकडचा बुश वाजतोय की लिंक रॉड, ते पेपर खाली न ठेवता सांगतील.

"बावीस हजारांत केलं काय काय?" मी विचारलं.

"काय करणार? ऑइल बदललं, फिल्टर बदलला, धुतली, सीटवर प्लॅस्टिक चढवलं आणि पायाशी कागद घातला. त्या कागदाचेच पाच हजार असतील."

"लोकांच्या बिलात डोकं घालण्यापेक्षा तो नळ बंद करा," काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या. "कुंडी भरून वाहतेय."

मला आकड्यात रस होता त्याला कारण होतं. माझी वॅगनआर २०१९ सालची. तिची वॉरंटी केव्हाच संपली आणि पुढचं सर्व्हिसिंग तोंडावर आलं होतं. शोरूमकडून 'प्रिय ग्राहक' म्हणून मेसेज येत होते. घरचे म्हणत होते, आता बाहेर दे. पण बाहेर म्हणजे कुठे? गल्लीत प्रत्येकाचं बाहेर वेगळं.

"शोरूमची गंमत सांगतो," नानांनी पाइप बाजूला ठेवला, म्हणजे आता वेळ लागणार. "तुमच्याशी बोलतो तो टायवाला. गाडीला हात लावतो तो आत, काचेच्या पलीकडे. त्याला तुमचं तोंड माहीत नाही, तुम्हाला त्याचं नाव माहीत नाही. टायवाला जॉब कार्डवर काय लिहील तेवढंच आतला करणार. तुम्ही म्हणालात, 'ब्रेक मारला की जरा चर्र वाजतं,' की हा लिहितो 'जनरल चेकअप'. मग चर्र तसंच घरी येतं."

हे खोटं नाही. त्यावर माझा एक उपाय आहे: जॉब कार्डवर सही करण्याआधी माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहायला लावते आणि शक्य असेल तर सल्लागाराला शेजारी बसवून गाडी एक चक्कर फिरवून आणते. टायवाला नाराज होतो. पण चर्र त्याच्या कानांनी ऐकलेलं असलं की जॉब कार्डवर उतरतं.

"आणि पहिली तीन सर्व्हिसिंग फुकट म्हणतात, ते फुकट काय असतं?" नाना.

"मजुरी."

"मजुरी! तेलाचे पैसे घेतात, फिल्टरचे घेतात. नुसते हात फुकट."

"नाना, पण कार्डावर तसंच छापलेलं असतं. आपण वाचत नाही."

खरं तर गाडीबरोबर येणारं पुस्तकच कोणी वाचत नाही. बहुतेकांच्या घरी ते डॅशबोर्डच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पीयूसीच्या जुन्या कागदांखाली झोपलेलं असतं. त्यात मागच्या बाजूला एक तक्ता असतो: किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं आणि काय नुसतं बघायचं. बहुतेक पेट्रोल गाड्यांना तेल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल ते. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी, कारण ते हवेतली ओल शोषतं. ओल धरलेलं ब्रेक ऑइल पसरणी घाट उतरताना तापून उकळायला लागलं, तर पॅडल पायाखाली मऊ पडतं. हे असलं काम तक्त्यात असतं आणि ते चुकवू नये. जे तक्त्यात नसतं आणि बिलात असतं, ते म्हणजे इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, बॉनेटखाली मारायची ती चकाकी. एसीचा गॅस दर उन्हाळ्यात 'टॉप-अप' करून घेणारे लोक मला माहीत आहेत. गॅस काही पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. आधी ती गळती शोधा म्हणावं. माझं मत असं, की बॉनेट कोण उघडतो यावर जेवढं डोकं आपण लावतो, त्याच्या निम्मं त्या तक्त्यावर लावलं, तर शोरूमवाला काय आणि नाक्यावरचा काय, दोघांचंही फारसं चालत नाही.

नानांना हे पटलं, पण दुसऱ्याचं मत पटलं असं म्हणायची त्यांना सवय नाही. त्यांनी विषय कोपऱ्यावर नेला.

"कोपऱ्यावरच्यांच्या धाकट्याचं कळलं ना?"

कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं, सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसह आलं होतं. धाकटा आयटीत. त्याने मोबाइलवरून मेकॅनिक घरी बोलावला. मोटरसायकलवर मागे पेटी बांधून एक मुलगा आला, टी-शर्टवर कंपनीचं नाव, हातात मोजे. धाकटा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये आणि खाली गाडीचं सर्व्हिसिंग चालू. तासाभरात काम संपलं. मुलगा जुनं तेल कॅनमध्ये भरून घेऊन गेला. चार थेंब तेवढे नव्या पेव्हर ब्लॉकवर सांडले. त्या चार थेंबांवर सेक्रेटरींनी जे पत्र लिहिलं, त्यात 'घातक टाकाऊ पदार्थ' असा शब्दप्रयोग होता. कायद्याने तो बरोबरही आहे, जळकं तेल घातक कचऱ्यातच मोडतं. पण गल्लीला एवढा कायदा त्या दिवशीच आठवला.

"थेंबांचं सोडा," नाना म्हणाले. "त्याने तेल काढलं कुठून? डिपस्टिकच्या भोकातून नळी घालून, पंपाने ओढून! मी उभा होतो बघत."

"मग वाईट काय त्यात?"

"अहो, चेंबरच्या तळाशी जो गाळ बसतो तो वरून ओढून येतो होय? खालचा नट उघडायचा, गाडी गरम असताना तेल सोडायचं, थेंब थांबेपर्यंत हात लावायचा नाही, नवा वॉशर घालायचा आणि नट हाताने धरून आट्यात बसवायचा. मग पाना. आम्ही असं शिकलो."

"आणि नाक्यावरच्या पोराने नट इतका आवळला की आटेच गेले, तर? मग चेंबर बदला. पंपात निदान ते भय नाही."

नाना गप्प झाले. जमीनजुमल्याच्या वादात साक्षीदार उलटल्यावर होतात तसे. मग म्हणाले, "ते पोर शिकलेलं पाहिजे."

पण दारी येणाऱ्या मेकॅनिकबद्दल माझं मत नानांपेक्षा बरं आहे. बॅटरी बसली, वायपर झिजले, हॉर्न गेला, बल्ब गेला, एसीचा फिल्टर बदलायचाय, अशा कामांसाठी अर्धा दिवस मोडून गाडी कुठे नेऊन टाकायची कशाला? शिवाय समोर उभं राहून बघता येतं, जे शोरूमच्या काचेआडून येत नाही. गाडीखाली शिरायचं काम मात्र त्याच्याकडून करून घेऊ नये. आमच्या गल्लीला उतार आहे. जॅकवर गाडी उचलून, घोडी न लावता खाली झोपणारा मुलगा पाहिला की माझ्याच पोटात गोळा येतो. ब्रेक, सस्पेन्शन, क्लच ही रॅम्पवरची कामं. त्यातून त्या धाकट्याची गाडी आपोआप गिअर बदलणारी, एएमटी. तिची क्लच प्लेट बदलली की संगणक जोडून गाडीला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते. पेटीतल्या पान्यांनी ते होत नाही.

"संगणक!" नाना. "इंजिनचा लाइट लागला की संगणक जोडायचा, तो सांगेल तो सेन्सर बदलायचा. नाही गेला लाइट, की दुसरा बदलायचा. ह्याला मेकॅनिक म्हणतात?"

"पण नाना, बीएस सिक्स गाडीला स्कॅनरशिवाय बघणारच कसं? २०२० नंतरच्या गाडीत धुरापासून एअरबॅगपर्यंत सगळं त्या डब्यात बसलंय."

"म्हणूनच मी त्याला डबी म्हणतो."

एवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्याकडे बातमी होती, म्हणजे भाजीखालचा गॅस बारीक करून आल्या होत्या. मधल्या गल्लीतल्या शाळेच्या बाईंनी गाडी एका साखळी गॅरेजात दिली होती. नाव नाही सांगत. काकूंनी सांगितलं, पण मी इथे लिहीत नाही.

"पॅकेज तीन हजारांचं," काकू म्हणाल्या. "बाई म्हणाल्या, बरं आहे, आधी किंमत कळते. गाडी न्यायला माणूस घरी आला. दुपारी फोन: मॅडम, लोअर आर्म गेलाय, फोटो पाठवलाय. फोटोत काय दिसणार? काळं काहीतरी. बाई म्हणाल्या, बदला, पण जुना पार्ट डिकीत ठेवा. तर म्हणे, तो भंगारात गेला. अगं, एका तासात भंगारवाला आला?"

"ही त्या बाईंचीच शाळेतली युक्ती बरं का," नाना म्हणाले. "जुनी वही जमा केल्याशिवाय नवी मिळणार नाही."

या साखळ्यांचा एक प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच ठिकाणी गॅरेज जुनंच असतं, मालक जुना, पोरं जुनी. वर पाटी नवी लागते, भिंतीला एक रंग फासतात आणि बुकिंग ॲपवरून यायला लागतं. म्हणजे पाटी चांगली म्हणून काम चांगलं असं नाही, आणि एका शाखेत फसलो म्हणून सगळी साखळी वाईट असंही नाही. त्या शाखेचा मालक कोण, तो स्वतः गॅरेजात उभा असतो का, हे बघावं. बाईंची साखळी वेगळी, पण या धंद्यात काय होऊ शकतं ते गोमेकॅनिकने दाखवलं. २०१६ मध्ये गुरुग्रामला निघालेली कंपनी भराभर वाढली, आणि जानेवारी २०२३ मध्ये संस्थापकांनीच हिशेबात गफलत केल्याचं जाहीर कबूल केलं. मोठी नोकरकपात झाली, दोन महिन्यांत मालक बदलले. पाटीच्या भरवशावर दिलेली कामाची हमी पाटी हलली की कोण पाळणार, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच गाडीवाल्यांना पडला असेल.

तरी व्हील अलाइनमेंट, टायर, बॅटरी यांना साखळीची दुकानं मला सोयीची वाटतात. दर भिंतीवर लिहिलेला असतो, जीएसटीचं पक्कं बिल मिळतं. आणि कॉमन रेल डिझेलचा पंप किंवा इंजेक्टर असेल, तर खुद्द नाना म्हणतात की बॉशच्या अधिकृत डिझेल सेंटरला जा. ते काम बेंचवर तपासून करायचं असतं, कानाने नाही. नानांनी कान सोडून कशाला मान दिलेला मी एवढाच ऐकला आहे.

"मग तुम्ही कुठे देणार?" काकूंनी मला विचारलं.

"माझ्या शागिर्दाकडे," नाना म्हणाले. प्रश्न मला होता.

शागीर्द म्हणजे बिबवेवाडीकडे जाताना आत एका बोळात ज्याचं गॅरेज आहे तो. नानांच्या हाताखाली उमेदवारी केलेला. हात चांगला, पैसे वाजवी, आणि न झालेलं काम झालं म्हणून सांगत नाही. जुना पार्ट न मागता हातात ठेवतो. खोट एकच: पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, त्याचं एक लाडकं जाड तेल आहे, ते तो सगळ्यांना पाजतो. हल्लीच्या पेट्रोल इंजिनांना झीरो-डब्ल्यू-ट्वेंटी किंवा त्याहूनही पातळ तेल सांगितलेलं असतं. जाड तेलाने इंजिन लगेच बसत नाही, पण थंड असताना वर चढायला ते वेळ घेतं आणि मायलेज थोडं खातं. त्याच्याकडे जायचं तर तेलाचा डबा आपण न्यायचा.

"डबाच कशाला, पार्टसुद्धा नाना पेठेतून तुम्हीच आणा," नाना. "शोरूमच्या खोक्यात जो ब्रेक पॅड असतो, तो बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या खोक्यात स्वस्त मिळतो. माल एकच."

"कधी कधी एकच. आणि कधी कधी खोकं एक आणि आतला माल कसबा पेठेतल्या कुठल्या माळ्यावरचा."

"माझ्या ओळखीच्या दुकानात या."

"आणि पार्ट खराब निघाला तर शागीर्द म्हणणार, पार्ट तुमचा होता. दुकानदार म्हणणार, बसवताना मोडला. मी मधल्या मध्ये."

यावर नानांकडे उत्तर नव्हतं, कारण याला उत्तर नाहीच. पार्ट ज्याने आणला त्यानेच बसवलेला बरा. चार पैसे जास्त गेले तरी मग धरायला एकच माणूस असतो.

"पण वॉरंटी असताना बाहेर दिली तर वॉरंटी जाते ना गं?" काकू. "टायवाला तसं म्हणाला होता."

टायवाला तसं म्हणतोच. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा गाडी कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला होता, त्यामागे हेच होतं: सुटे भाग बाजारात मिळू द्यायचे नाहीत आणि बाहेर हात लागला की वॉरंटी रद्द म्हणायचं. आयोगाने सांगितलं की सरसकट अशी अट घालता येणार नाही. बाहेरच्याने काम बिघडवलं तर तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारा. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही काढलं, त्यात गाड्याही आहेत. पण कागदावरचा हक्क आणि काउंटरवरचा माणूस यांत अंतर आहे. गिअरबॉक्स बिघडला असताना आयोगाचा निकाल वाचून दाखवायला कोणाला वेळ आहे? म्हणून मी म्हणते, मूळ वॉरंटी असेपर्यंत ठरलेलं सर्व्हिसिंग शोरूमलाच करावं, पैसे भरून वाढवून घेतलेली वॉरंटी असेल तर नक्कीच. तिच्या अटींत अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग करा असं बहुधा असतंच.

"हे मात्र खरं," काकू म्हणाल्या. "म्हणूनच आमची गाडी शोरूमलाच जाते."

मी नानांकडे पाहिलं. नाना जास्वंदीची पिवळी पानं तोडायला लागले होते.

"शोरूमला?"

"मुलीने तिकडून वाढीव वॉरंटी भरून टाकली," नाना पुटपुटले. "पैसे गेलेच आहेत तर..."

"आणि हे तिथे काचेला नाक लावून उभे राहतात," काकू म्हणाल्या. "मागच्या वेळी आतल्या मुलाला बाहेरून खुणा करत होते. त्यांनी ह्यांना चहा देऊन बसवलं."

मग मीही माझं सांगितलं. शोरूमशी मी पूर्ण तोडत नाही, त्याचं एक कारण जुलै २०२० मधलं. मारुतीने एक लाख चौतीस हजारांवर वॅगनआर आणि बलेनो तपासायला परत बोलावल्या होत्या, पेट्रोलच्या पंपात दोष असू शकतो म्हणून. वॅगनआरमध्ये नोव्हेंबर २०१८ ते ऑक्टोबर २०१९ मधल्या गाड्या होत्या; माझी त्यात बसत होती. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकला की कळायचं. असं बोलावणं आलं की काम फुकट होतं. बोळातल्या गॅरेजात ही बातमी पोचत नाही, आणि पोचली तरी तो पंप त्याला कंपनी देणार नाही.

"म्हणजे ठरलं काय तुमचं?" नाना.

"तेल आणि ब्रेक तुमच्या शागिर्दाकडे, डबा माझा. लाइट लागला किंवा कंपनीने बोलावलं तर शोरूम. बॅटरी दारात."

"तीन तीन ठिकाणी! मग बिलं सांभाळत बसा."

बसते. एका फाइलमध्ये, किलोमीटर लिहून. विकायच्या वेळी शोरूमच्या संगणकातल्या नोंदी नसल्या तर गिऱ्हाईक भाव पाडतं. निदान कागद दाखवता येतात.

तेवढ्यात फाटक वाजलं. डॉक्टर. हातात तोच कागद. आम्ही तिघंही एकदम जास्वंदीबद्दल बोलायला लागलो.

"नाना, जरा बघता का हे? मला यातलं कळत नाही."

नानांनी चष्मा चढवला. बिल खरोखर बावीस हजार चारशेचं होतं. पण त्यात पुढचे दोन टायर होते, अकरा हजार दोनशेचे. खड्ड्यात आपटून दोन्हींच्या बाजू फुगल्या होत्या. डाव्या आरशाचे तीन हजार चारशे. तो आरसा कशाने फुटला हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्या फाटकाच्या खांबावरचा ओरखडा आम्ही पाहिलेला असल्याने आम्हीही विचारलं नाही. उरले सात हजार आठशे. त्यात तेल, फिल्टर, ब्रेक ऑइल, अलाइनमेंट, मजुरी, सगळं तक्त्याप्रमाणे. नाना बोट फिरवत खाली आले आणि तीन ओळींवर थांबले.

"थ्रॉटल बॉडी क्लीनिंग साडेनऊशे. एसी डिसइन्फेक्शन साडेआठशे. इंजिन ड्रेसिंग पाचशे. हे तेवीसशे रुपये तुम्ही कशाला दिलेत? गाडीला काही होत होतं का?"

"नाही. पण तो म्हणाला, करून घेतलेलं बरं. प्रिव्हेन्टिव्ह."

"हेच! काही होत नसताना करून घेतलेलं बरं म्हणणारा माणूस दिसला की..."

"अहो," काकू मध्येच म्हणाल्या, "परवा तुम्हाला काही होत नसताना डॉक्टरांनी चार तपासण्या लिहून दिल्या, त्या तुम्ही हसत हसत करून आलात."

डॉक्टर हसले, पण जरा उशिरा. मग बिलाची घडी खिशात घालत त्यांनी नानांना विचारलं, "तुमचा तो बिबवेवाडीचा माणूस आरसे बसवतो का हो? उजवासुद्धा थोडा हलतोय."